आधी सुई की आधी घास?

इन्सुलिन सुरू झालेल्या घरात पहिले पंधरा दिवस एकच प्रश्न फिरत असतो. आधी सुई की आधी घास? मग त्याचे पोटप्रश्न. सुई टोचल्यावर किती वेळाने जेवायचं? भाकरी एक की दीड? आज भूक नाही, तर सुई घ्यायची की टाळायची? दावत रात्री दहाची आणि सुई आठची, मग काय करायचं? गेल्या काही वर्षांत माझ्या नात्यागोत्यातल्या चार जणांना इन्सुलिन लागलं. दवाखान्यातून निघताना चौघांच्याही हातात दोन कागद होते. एकावर युनिटचा आकडा, दुसरा छापील आहारतक्ता. या दोन कागदांचा एकमेकांशी काय संबंध, हे मात्र कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

प्रश्न घरगुती वाटतात, विचारायला संकोचही वाटतो. पण मधुमेहाच्या उपचारांचा इतिहास वाचताना लक्षात येतं की, नेमक्या याच प्रश्नांवर युरोप-अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टर पन्नास-साठ वर्षं भांडत होते. इन्सुलिनची गोष्ट आपल्याला माहीत असते ती शाळेच्या पुस्तकातली. बँटिंग, बेस्ट, कुत्र्यावरचे प्रयोग आणि नोबेल. गोष्ट तिथे संपते. वास्तविक सुई आणि ताट यांचा मेळ घालण्याची गोष्ट तिथून सुरू होते, आणि आपल्या घरांना तीच जास्त उपयोगाची आहे.

उपासमारीचा इलाज

इब्न सिनाचं नाव निघालं की आपली छाती फुगते. त्यांच्या ‘अल्-कानून’मध्ये या आजाराचं वर्णन आहे, त्यात अवयव सडण्यापर्यंतचे परिणाम नोंदलेले आहेत. तेराव्या शतकात अब्दुल लतीफ बगदादींनी मधुमेहावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सुश्रुत आणि चरकांचा मधुमेह तर त्याहूनही जुना. ओळख सगळ्यांना होती, पण लहान वयात हा आजार जडलेल्या मुलाला वाचवण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. अभिमान बाळगताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये अपोलिनेर बुशार्दा नावाचे डॉक्टर होते. १८७०-७१मध्ये प्रशियाच्या फौजेने शहराला वेढा घातला. अन्नाची टंचाई झाली आणि बुशार्दांच्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली. कमी खा, हा सल्ला अशा अनुभवातून पक्का होत गेला. पुढे अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी त्याला शिस्तबद्ध उपचाराचं रूप दिलं. १९१५च्या सुमारास त्यांची पद्धत गाजू लागली. रुग्णाला लघवीतली साखर जाईपर्यंत उपाशी ठेवायचं, नंतर ग्रॅम-ग्रॅम मोजून अन्न वाढवायचं, साखर दिसली की पुन्हा उपवास. भाज्यादेखील तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून दिल्या जायच्या, म्हणजे त्यांतली उरलीसुरली कर्बोदकं निघून जावीत.

एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी. १९१९मध्ये, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि ॲलन यांच्याकडे नेण्यात आलं. बापाकडे काही कमी नव्हतं, पण मुलीच्या ताटात दिवसाला कधी चारशे तर कधी सहाशे कॅलरी. ऑगस्ट १९२२मध्ये ती टोरोंटोला पोचली तेव्हा पंधराव्या वर्षात पाऊल टाकताना तिचं वजन होतं सुमारे २० किलो. आजच्या डॉक्टरांना ॲलन क्रूर वाटतात. माझं मत तसं नाही. त्यांनी ज्यांना काही महिने, वर्ष-दोन वर्षं तगवलं, त्यांतल्या काहींपर्यंत इन्सुलिन पोचलं. एलिझाबेथ त्यांतलीच एक.

सशाने ठरवलेलं माप

११ जानेवारी १९२२. टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई दिली गेली. अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू आलं आणि फायदा नगण्य. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. २३ जानेवारीला दुसरी फेरी सुरू झाली आणि साखर उतरली.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट सशांची आहे. कॉलिप आपला अर्क सशांवर तपासत होते. मात्रा जास्त झाली की ससे आकडी येऊन पडायचे आणि ग्लुकोज टोचलं की पुन्हा उभे राहायचे. रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरली की मेंदूला इंधन मिळत नाही, हे प्रयोगशाळेत असं दिसलं. आज आपण सहजपणे ‘दहा युनिट, बारा युनिट’ म्हणतो. त्या युनिटचं मूळ माप सशांवरूनच ठरलं. ठरावीक वजनाच्या उपाशी सशाची साखर ठरावीक धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवायला किती अर्क लागतो, ते माप. म्हणजे इन्सुलिनचं मोजमाप पहिल्या दिवसापासून उपाशी पोटाच्या धोक्याशी बांधलेलं आहे.

माणसांतही तेच दिसलं. वॉल्टर कॅम्पबेल आणि ॲलमन फ्लेचर या टोरोंटोच्या डॉक्टरांनी १९२२मध्येच या अवस्थेची लक्षणं लिहून ठेवली. अचानक भूक, हातांना कंप, दरदरून घाम, घाबरल्यासारखं होणं, मग भ्रम. उपाय म्हणजे संत्र्याचा रस किंवा साखरेची गोळी. त्यात प्रत्येक खेपेच्या अर्काची ताकद वेगळी असायची. बँटिंग यांचे वर्गमित्र जो गिलख्रिस्ट हे स्वतः मधुमेही डॉक्टर. नव्या खेपा ते आधी स्वतःवर आजमावायचे. गेली दोन-तीन वर्षं साखरेच्या भीतीने उपाशी राहिलेल्या मुलांना आता खिशात साखर ठेवायला सांगितलं जात होतं. त्या मुलांच्या डोक्यात काय गोंधळ झाला असेल! आपल्याकडे चाळीस वर्षं ‘गोड सोड’ ऐकलेल्या माणसाला इन्सुलिन सुरू होताना ‘खडीसाखर जवळ ठेवा’ म्हटलं की तो डॉक्टरकडे असाच बघतो.

एलिझाबेथने मात्र टोरोंटोत पोटभर खाल्लं. कित्येक वर्षांनंतर पांढरा ब्रेड खाल्ला. काही आठवड्यांत तिचा आहार दिवसाला दोन हजार कॅलरींच्या वर गेला. ती १९८१पर्यंत जगली.

तराजू घेऊन जेवणारे

इन्सुलिन बाजारात आल्यावर लगेच दिसलं की औषध देणं सोपं, जेवणाशी त्याचा मेळ घालणं अवघड. बोस्टनच्या एलियट जॉस्लिन यांनी इन्सुलिनच्या आधीच, १९१८मध्ये रुग्णांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं होतं. उपचाराची उपमा ते तीन घोड्यांच्या रथाची द्यायचे. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे, लगाम रुग्णाच्या हाती. त्यांच्या दवाखान्यात परिचारिका रुग्णांना शिकवायच्या, घरीही जायच्या. लघवी तपासणं, अन्न तोलणं, सुई भरणं हे सगळं शिकवलं जायचं.

लंडनच्या रॉबर्ट लॉरेन्स यांची कथा आणखी वेगळी आहे. तरुण शल्यविशारद, मधुमेह जडला, मरण ठरलेलं. घरच्यांना डोळ्यांसमोर मरण दिसू नये म्हणून ते इटलीत फ्लोरेन्सला जाऊन राहिले. १९२३मध्ये मित्राची तार आली की, इन्सुलिन मिळालं आहे, कामही करतंय, ताबडतोब ये. पायांत ताकद नसताना ते मोटार चालवत लंडनला आले आणि ३१ मे रोजी पहिली सुई घेतली. पुढे किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी रुग्णांसाठी एक युक्ती काढली. अन्नाचे काळे आणि तांबडे असे वाटे. एक काळा वाटा म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं, एक तांबडा म्हणजे ठरावीक प्रथिनं आणि चरबी. तक्त्यात बघून रुग्ण आपले काळे-तांबडे वाटे जुळवायचा. ब्रेड नको तर बटाटा, बटाटा नको तर फळ, फक्त वाट्यांची संख्या तीच. डॉक्टर स्वतः मधुमेही असल्यामुळे त्यांना ठाऊक होतं की एकच ताट जन्मभर कुणी खाऊ शकत नाही. १९२५चं त्यांचं ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी वाचायचं होतं.

त्याच सुमारास जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात (हे आता पोलंडमध्ये आहे) कार्ल स्टोल्टे नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९३०च्या आसपास त्यांनी उलटाच मुद्दा मांडला. निरोगी मुलाचं शरीर जेवणाप्रमाणे इन्सुलिन सोडतं, मग आपण मुलाला इन्सुलिनप्रमाणे का जेववतो? मुलाला भुकेप्रमाणे खाऊ द्या, प्रत्येक मुख्य जेवणाआधी लघवीतली साखर बघून सुई द्या. बहुतेक सहकाऱ्यांना हा बेजबाबदारपणा वाटला.

स्टोल्टे मागे पडले त्याचं एक कारण नवं औषध हेही होतं. डेन्मार्कमध्ये इन्सुलिन आणलं ते ऑगस्ट क्रोग यांनी. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेही, टोरोंटोला जाऊन बघण्याचा आग्रह त्यांचाच. त्यांचे सहकारी हान्स हागेडॉर्न यांनी १९३६मध्ये माशांपासून मिळणारं प्रोटामिन मिसळून इन्सुलिनचा असर लांबवला. त्यात जस्त घातल्यावर तो दिवसभर टिकू लागला. दिवसातून तीन-चारऐवजी एकच सुई! रुग्ण आणि डॉक्टर दोघंही खूश झाले. पण एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. ते चोवीस तास आपल्या गतीने काम करत राहतं, तुम्ही जेवा अथवा न जेवा. त्यामुळे घड्याळ लावून खाणं, मधल्या वेळचं खाणं, रात्री झोपताना दूध-बिस्किट हे नियम घट्ट झाले. सुया कमी झाल्या, पण त्यांच्या बदल्यात माणसाचं ताट बांधलं गेलं. दवाखान्यात आजही मिळणाऱ्या छापील तक्त्यांवर या काळाची छाप आहे.

मध्येच एक हलाल-हरामचा प्रश्न

हे सगळं इन्सुलिन गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं. म्हणजे मुसलमानाला एक अडचणीचं, हिंदूला दुसरं. जीव वाचवायला पर्याय नसेल तर मनाई उठते हा फिकहचा जुना उसूल असल्याने उलेमांकडून वाट निघत आली, तरी मनातली किळस फतव्याने जात नाही. १९८२मध्ये जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आलं आणि प्रश्नाचं मूळच हललं. २००३मध्ये वॉकहार्टने औरंगाबादेत बनवलेलं मानवी इन्सुलिन भारतात आणलं. तरीही ‘त्यात डुकराचं असतं’ म्हणून सुई नाकारणारी वडीलधारी माणसं मी अजूनही बघतो. त्यांच्याशी वाद घालू नये, बाटलीवरचं ‘मानवी’ हे लेबल वाचून दाखवावं.

स्टोल्टे पुन्हा येतात

स्टोल्टेंचा विचार परत यायला तीन गोष्टी घडाव्या लागल्या. १९६८मध्ये तेहरान विद्यापीठात सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये वेगळा घटक सापडला. आज आपण तीन महिन्यांची सरासरी म्हणून जो ‘एचबीए१सी’ करतो त्याचं मूळ तिथे आहे. १९७०च्या सुमारास रक्तातली साखर मोजणारं लहान यंत्र आलं. ते दवाखान्यांसाठी होतं, पण रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरने डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मिळवलं आणि घरी स्वतःची साखर मोजायला सुरुवात केली. कोणत्या घासाने साखर किती चढते, हे रुग्णाला पहिल्यांदा घरबसल्या दिसलं. पुढे डॉक्टर लोक ऐकेनात म्हणून हा गृहस्थ पंचेचाळिशीत वैद्यकीय शिक्षणाला लागला आणि स्वतःच डॉक्टर झाला.

तिसरी गोष्ट शिकवण्याची. जिनिव्हा आणि ड्युसेलडॉर्फमध्ये रुग्णांना पाच-पाच दिवस बसवून जेवणातली कर्बोदकं ओळखणं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन कमी-जास्त करणं शिकवलं जाऊ लागलं. ड्युसेलडॉर्फचे मिखाएल बेर्गर या कामातलं मोठं नाव. ब्रिटनने त्याच नमुन्यावर ‘डॅफनी’ हा अभ्यासक्रम घेतला. त्याचे निष्कर्ष २००२मध्ये आले. साखर सुधारली आणि माणसं मोकळेपणाने जेवू लागली. त्याआधी १९९३मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं होतं की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात. मात्र त्याच अभ्यासात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग तिपटीने वाढले होते. काटेकोरपणा हवा, पण शिकवल्याशिवाय नको, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आपलं ताट

आता पहिल्या प्रश्नाकडे. त्याचं उत्तर एकच नाही, कारण बाटल्या वेगळ्या आहेत. साधं मानवी इन्सुलिन आणि त्याचं मिश्रण (३०/७० म्हणतात ते) हळू चढतं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास. १९९६पासून आलेली झटपट इन्सुलिनं जेवायच्या थोडं आधी किंवा ताटावर बसताना. आणि दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं, म्हणजे ग्लार्जिनसारखं, त्याचा जेवणाच्या वेळेशी थेट संबंध नाही. भुकेचंही तसंच. जेवण नसेल तर जेवणाच्या सुईचा निर्णय बदलतो, पण सगळंच इन्सुलिन बंद करणं टाइप १च्या रुग्णाला जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांना ‘किती युनिट’ इतकंच ‘हे कोणत्या जातीचं’ आणि ‘जेवलो नाही तर काय करू’ हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट मापाची. भारतीय अन्नातल्या घटकांचा तक्ता डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७मध्येच प्रसिद्ध केला. तीच संस्था पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली. म्हणजे आकडे आपल्याकडेही होते. २५ ग्रॅम कणकेच्या फुलक्यात १६-१७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४०च्या आसपास. ‘ज्वारी शुगरला चांगली’ म्हणून दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकरी खाणारा माणूस दुपटीहून जास्त कर्बोदकं खातो आणि साखर का चढली म्हणून इन्सुलिनला दोष देतो. उलट भाताला घाबरून नुसतं सालन खाणारा रात्री घामाघूम होतो. घरात एकदा पीठ तोलून भाकरी करून बघावी. लॉरेन्सच्या रुग्णांनी हेच केलं होतं.

तिसरी गोष्ट कोणत्याच तक्त्यात नसते. माझ्या फुफीला मिश्रणाचं इन्सुलिन सुरू झालं. सांगितल्याप्रमाणे रात्री आठला सुई आणि साडेआठला जेवण. साडेआठला ती तव्यापुढे होती. आधी मुलं, मग फुफा, मग अचानक आलेले दोन पाहुणे. सव्वानऊला तिला घाम फुटला, तो सगळ्यांना चुलीच्या उकाड्याचा वाटला. ती मुलाला भलत्याच नावाने हाक मारायला लागली तेव्हा सुनेच्या लक्षात आलं आणि तिने साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टरने वेळ बरोबर सांगितली होती, फुफीने बरोबर पाळली होती. घरात बाई शेवटी जेवते, ही वेळ मात्र कुणी हिशेबात धरली नव्हती. त्यानंतर सुनेने नियम केला की अम्मींची सुई झाली की अम्मींचं ताट पहिलं. फुफी पंधरा दिवस लाजली, नंतर सवय झाली.

आणि रमजान. २००१मध्ये तेरा देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुसलमानांचा ‘एपिडायर’ हा अभ्यास झाला. टाइप २च्या ७८.७ टक्के आणि टाइप १च्या ४२.८ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग टाइप १मध्ये ४.७ पट आणि टाइप २मध्ये ७.५ पट वाढले. आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची किंवा फिदिया देण्याची सवलत कुरआनातच आहे, तरी माणसं ती घेत नाहीत, हे वास्तव आहे. रोजा ठेवायचाच असेल तर सकाळची सुई सहरीला आणि रात्रीची इफ्तारला, अशी नुसती अदलाबदल करून भागत नाही. सकाळचा मोठा डोस सहरीनंतर दिवसभराच्या उपाशी पोटावर काम करत राहतो. म्हणून डॉक्टरांची भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी घ्यायची असते, चांदरात उजाडल्यावर नाही. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. ती ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर चढली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, मग मगरिबला दहा मिनिटं उरलेली असली तरी.